थंड टायरची हवा

उद्यमनगरात, लेथच्या दुकानामागं
दस्तगीर मुजावरचं शटर सहाला वर जातं.
मी त्याच्याही आधी पोचतो, अर्ध्या मैलावरून.
"ढकलत आणायची," तो म्हणतो.
"टायर थंड असताना बोलतो ते खरं.
तापल्यावर समदेच फुशारक्या मारत्यात."

गाडी बुटकी, पिवळी, दोनच माणसांची.
फाउंड्रीतला वाटा धाकट्याच्या नावावर केला
आणि चोपन्नाव्या वर्षी हिला दारात आणलं.
शिरोलीत अजून हसतात.

दाराच्या कडेला पट्टी चिकटवलीय:
पुढं तेहतीस, मागं छत्तीस.
ज्यानं लिहिलं त्यानं पाहिलेला नाही
वाघबीळचा चढ,
उसाच्या ट्रॅक्टरमागं सांडलेलं पाचट,
की एप्रिलात दुपारी दोनला
कागलकडचा तो सरळसोट रस्ता.

पुढच्या एकाच टायरला आम्ही तीन गेज लावले.
माझं जुनं म्हणालं चौतीस.
लेकीनं पुण्याहून पाठवलेलं, आकडे पेटणारं: साडेबत्तीस.
दस्तगीरचं पितळी, काच तडकलेलं: तीस.
"दोननं कमी दावतंय," तो आपणहून सांगतो.
"बाच्या हातात हुतं तवापास्नं दोननंच.
खोटं बोलतंय, पर रोज तेवढंच.
तेवढ्यावर धंदा चालतोय बघा."

मग खडू काढतो, शाळेतला.
प्रत्येक टायरच्या खांद्यावरून आडवी रेघ,
तुळईवर सुतार ओढतो तशी.
"जावा. वाघबीळपर्यंत.
वळणाची मुरवत ठेवू नका."

शिवाजी पूल. खाली नदी अजून झोपलेली.
केर्लीच्या पुढं रस्ता वाकतो
आणि स्टिअरिंगमधून तळहातांना कळतं:
पुढचं चाक आधी जड,
आजारी माणूस कुशीवर वळावा तसं,
मग उशिरा पकडणारं.
तेवढ्या उशिरात मला धाकटा दिसतो,
भट्टीसमोर, तोंडाला गमछा:
"दादा, आणखी थोडं थांब."
मी थांबत नसे. ओतून मोकळा.
पुढं कास्टिंग फोडलं की आत भोकं,
अडकलेल्या हवेची, वाटाण्याएवढी.
तीस वर्षं मी लोखंडातून हवा हाकलत आलो.
आता रबरात किती ठेवावी हे
दुसऱ्याला विचारत फिरतो.

परत आलो तर दस्तगीर गुडघ्यावर.
पुढचा खडू बाजूवरल्या त्रिकोणाच्याही खाली पुसलेला.
"झोपतोय कुशीवर. दोन वाढवा."
मागचा खडू काठावर तसाच, कोरा.
"ह्यो ताठ हाय. एक सोडा."
मी नळीकडे हात नेला.
"आत्ता न्हाई."
त्यानं टायरवर पालथा पंजा ठेवला,
ताप बघतात तसा.
"गरम हाय. आत्ताचा आकडा चारनं फुगलेला.
सकाळी या."

एवढ्यासाठी एक रात्र.
अंथरुणात पडून मी आकडे फिरवत राहिलो,
चौतीस, पस्तीस,
आणि मधेच, कारण नसताना,
धाकट्याचा फोन नंबर.

सकाळी मागच्या व्हॉल्व्हवर दस्तगीरनं नख दाबलं.
सूं.
डिसेंबरात भरली होती ही,
सह्या झाल्या त्याच दुपारी, याच कंप्रेसरवर.
रबराचा, थोडा तेलाचा वास आला आणि गेला.
किती सोडली? एक पौंड.
पितळी काटा तेहतीसवर थांबला,
म्हणजे पस्तीस,
म्हणजे त्याच्या खोट्यात आमचं दोघांचं एकमत.

"पैसे?"
"राहू द्यात. टोप्या लावा आधी."
चौथी टोपी गाडीखाली घरंगळली होती.
चोपन्न वर्षांचा मी, उद्यमनगरच्या काळ्या मातीत
पोटावर झोपून हात लांबवला.
बोटांना आधी लागली ती
कुणाच्या तरी लेथची कुरळी चपटी,
अजून ऊबदार.