बारा पावलं

उगम फळदेसाय फेरीतून उतरला
तेव्हा भरती अर्धी चढली होती.
हेल्मेट बल्कावावर ठेवून त्यानं फॉर्म काढला,
पेन झटकलं, विचारलं :
भिंती कसल्या?
चिऱ्याच्या.
छप्पर?
मंगळुरी कौलं. पश्चिमेकडची तारेनं बांधलेली,
मे महिन्यातल्या त्या वादळानंतर.
तार बांधलीत हे बरं केलंत, म्हणाला,
आणि समासात काहीतरी लिहिलं,
वहीवर शेरा लिहितात तसं.

पाणी किती लांब?

आता याचं उत्तर काय द्यायचं.
ओहोटीला चाळीस पावलं,
अमावस्येच्या भरतीला बारा.
खाजनाचा बांध फुटला त्या रात्री
पाणी स्वतःच मोजायला आलं होतं,
एक कुर्ली सोबत घेऊन
उंबऱ्याला टेकून राहिलं पहाटेपर्यंत.

उगमनं पेनाचं टोक चावलं.
चाळीस लिहू, वैनी? हप्ता कमी बसेल.

मी शेजारच्या घराकडे पाहिलं.
एस्पेरान्सानंही विमा काढला होता.
तिच्याकडे पाणी दारातून आलंच नाही,
लाद्यांच्या सांध्यांतून आलं,
घाम फुटावा तसं, आवाज न करता.
तपासनीस आला, गुडघे टेकले,
फरशीवर बोट फिरवून चाटून पाहिलं.
महिन्यानं पत्र :
शिरलेल्या पाण्याची भरपाई मिळते,
पाझरलेल्या पाण्याची नाही.
ते पत्र तिनं आल्तारावर ठेवलंय,
मेणबत्तीच्या बशीखाली.
तिथून तरी कुणी वाचेल म्हणते.

बारा लिही, म्हटलं.

बारा लिहिलं त्यानं. मग बहुधा माझी दया येऊन
पैसे कुठं वाचतात ते सांगत बसला.
जमिनीची किंमत धरू नका,
घर परत बांधायला लागेल तेवढीच रक्कम.
जमीन काही वाऱ्यानं उडत नाही.
(दिवाडीत हे मोठ्यानं बोलू नकोस, बाबा.
इथं शेतं भरतीला जातात, येतात,
कधी येतही नाहीत.)
तीन वर्षांचं एकदम भरा, सूट आहे.
पहिले दहा हजार स्वतः सोसेन असं लिहून द्या,
हप्ता उतरतो.
ते तर दर पावसाळ्यात सोसतेच मी,
लिहून कधी दिलं नव्हतं इतकंच.
सामानाचे फोटो काढा, तारखेसकट,
आणि घरात ठेवू नका.
फोटो म्हार्दोळला बहिणीकडे पाठवायचे ठरले.

आणि खारं वारं? मी विचारलं.
बिजागऱ्या, खिडकीचे गज,
फ्रीजची पाठ, जी दर वर्षी थोडी थोडी गळते?
ती झीज, म्हणाला. झीज कुणी देत नाही.
अचानक होतं तेवढंच.

म्हणून त्याला माड दाखवला.
एस्पेरान्साच्या कुंपणातून उठून
माझ्या स्वयंपाकघरावर वाकलेला.
माझ्या लग्नाआधीपासून पडतोय.
पुतू पाडेली चढण्याआधी
बुंध्याला दोनदा हात लावतो,
एकदा नमस्काराचा, एकदा हलवून बघायचा.
तोडलात तर बरं, उगम म्हणाला.
तोडू कसा? माड तिचा, सावली माझी,
नारळ निम्मे निम्मे.
आणि न तोडता पडला तर?

उगमनं वर पाहिलं बराच वेळ.
पडला तर, म्हणाला,
ते अचानक धरतील.

पाचची फेरी पकडायला तो धावला.
नवऱ्याला बोटीवर मेसेज टाकला : विमा झाला.
दोन टिक यायला अजून समुद्र आडवा होता.

रात्री अमावस्या. मानशीच्या फळ्या करकरल्या
म्हणून बॅटरी घेऊन बाहेर आले,
उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत
चप्पल काढून मोजलं.
अकरा.

परत मोजलं. पावलं जरा आखूड टाकली.