पाच मिनिटांच्या आत

सायरन वाजला की पूर्वी अकरा जण धावायचे.
ऑरिन बेकरीतून, कोपरापर्यंत पीठ,
व्हर्ना शाळेच्या बसची किल्ली दातांत धरून,
हॅलवर्सन भाऊ एकमेकांचे बूट घालून.
कॉटर गल्चचा नियमच होता:
स्वयंसेवकानं बंबापासून
पाच मिनिटांच्या आत राहायचं.

आता त्या पाच मिनिटांत राहणं
मला परवडतं, तेही बापानं
मरण्याआधी कर्ज फेडून ठेवलं म्हणून.
व्हर्ना गेली खाली दरीत, पंचेचाळीस मैल.
धाकटा हॅलवर्सन व्हॅनमध्ये झोपतो,
दर चौदा रात्रींनी जागा बदलतो;
सरकारी जंगलातही पाहुण्याला मुदत असते.
ऑरिनच्या बेकरीत हल्ली
कुत्र्यांसाठी बिस्किटं मिळतात, शेळीच्या दुधाची.
खाऊन पाहिली मी.
वाईट नाहीत.

खोटं कशाला बोलू,
हा उजवा गुडघा त्यांच्याच पैशांचा.
त्यांच्यापैकी कुणाच्या तरी आईचं नाव
त्या वॉर्डावर पितळी अक्षरांत आहे.
माझ्या लहानपणी हाड मोडलं
की घोड्यांच्या डॉक्टरकडे नेत.
त्यांच्या स्कीच्या कडा मी घासते,
बाप आठवड्याला कमवायचा तेवढे
एका जोडीचे घेते.
"तुम्ही किती अस्सल आहात," म्हणतात,
वर टीप ठेवतात.
मी मेण तापवत राहते,
अस्सलपणे.

तर, फेब्रुवारी. पहाटेचे तीन.
एल्क रिजवरचं शेवटचं घर.
नऊ न्हाणीघरं, राहणारं कुणी नाही.
अंगणातल्या फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या:
अख्ख्या डोंगरावर कमरेएवढं बर्फ
आणि तेवढाच एक चौकोन ओला, काळा,
येणाऱ्यासाठी नाही,
यंत्र बंद करायला कुणी नाही म्हणून.

आलो आम्ही तिघं.
मी, एकसष्ट वर्षांची, गुडघ्याला सांभाळत.
हॅलवर्सन, व्हॅनचा वास अंगावर घेऊन.
आणि रिसॉर्टच्या वसतिगृहातून, कुणी न बोलावता,
मारिसोल किस्पे, कुस्कोची,
चार महिन्यांच्या व्हिसावर.
तिला फाटकाचा आकडा पाठ होता,
पाण्याचा मोठा कॉक कुठल्या कपाटामागे तेही.
आमच्यात त्या घराच्या आत
पाऊल टाकलेली ती एकटीच.

ज्वाळा छपरातून वर निघाल्या होत्या
तेव्हा दारावरची घंटी बोलली.
खरंच बोलली. पुरुषाचा आवाज, झोपेतला,
कुठल्यातरी उबदार गावाहून:
"कोण आहे तिकडे? कोण आहात तुम्ही?"
हॅलवर्सननं माझ्याकडे पाहिलं.
मला माझं नाव सुचेना.
मारिसोल पुढे झाली, कॅमेऱ्यासमोर
वाकून म्हणाली, "मी मारिसोल.
मंगळवारची."
पलीकडे काही क्षण नुसता श्वास.
मग घंटीचं प्लॅस्टिक ओघळलं.

घर गेलं. शेजारचं वाचवलं,
त्यातही कुणी नव्हतं.

बॉयलर मागच्या शेडमध्ये होता,
त्याला धक्का लागला नाही.
उजाडताना आम्ही त्या चौकोनात बसलो,
थंडीनं कडक झालेले कपडे
खालून सैल होत गेले, वाफ निघाली.
हॅलवर्सन तिथंच आडवा झाला
आणि घोरू लागला.
मारिसोलनं त्याच्या डोक्याखाली
आपला हातमोजा सरकवला,
घड्याळ पाहिलं. सातला तिची पाळी.

बावन्न मिनिटांनी पोचली होती व्हर्ना,
पायजम्यावर कोट, दोन तरुण पोरं सोबत.
तोवर छप्पर खाली आलेलं.
रात्रभर तिनं पाइप धरला, चकार शब्द नाही.
आता येऊन माझ्या शेजारी टेकली,
ओले बूट काढले, मोजे काढले,
तळवे फरशीला लावले.

"अगं," म्हणाली,
"गरम आहे की."