पोर्ट एक्कावन्नशे

परळच्या हॉस्पिटलचं तळघर. रात्रीचे पावणेदोन.
तिसऱ्या मजल्यावरून ग्रेटा सिस्टरचा चौथा फोन:
रक्ताचे रिपोर्ट मशीनमध्येच अडकलेत, खाली उतरत नाहीत.
पडद्यावर तीच ती ओळ,
कनेक्शन रिफ्यूज्ड.

स्क्रिप्ट हळदणकरांची. पर्लमधली, वीस वर्षांची जुनी.
प्रत्येक सॉकेटच्या शेपटाला त्यांचं ते 'ऑर डाय',
आणि वर एक शेरा, रोमन लिपीतलं मराठी:
चूक लगेच विचार. दुसरी झाली की पहिली पुसली जाते.
डॉलर आणि उद्गारचिन्ह, एवढासा खण,
त्यात एका वेळी एकच मावते.

मी सर्व्हरवर बसूनच दार वाजवून बघितलं,
सात वेळा. सातही वेळा उघडलं.
तिसऱ्या मजल्यावरून मात्र नकार.
केबल बदलली, फायरवॉल चाळली,
रेहमतला वर पिटाळलं स्विचचे दिवे मोजायला.
सगळे हिरवे, म्हणाला. एक जरा पिवळट.

शेवटी हळदणकरांनाच लावला.
निवृत्त होऊन तीन वर्षं, मी एकदाही केला नव्हता.
रिंग वाजत राहिली, वाटलं, टाइमआउट,
आणि मग, हॅलो नाही, कोण नाही:
'कोणतं पोर्ट?'

सांगितलं.
'रिफ्यूज्ड ना? मग बरं आहे.
नाही म्हणायलासुद्धा घरात कोणीतरी लागतं.
काहीच आलं नसतं तर घाबरायचं.
तो कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते बघ.'

१२७.०.०.१.
गेल्या आठवड्यात सर्व्हर हलवताना कुणीतरी बदललेला.
आठवडाभर प्रोग्रॅम कान टवकारून बसलेला,
फक्त स्वतःच्याच दिशेला.

चारी शून्यं भरली. पुन्हा चालू केला.
ॲड्रेस ऑलरेडी इन यूज.
'आत्ता बंद केलास ना? सुतक असतं,' ते म्हणाले,
'गेलेल्याची जागा लगेच देत नाहीत.
वाटेतलं एखादं पाकीट उशिरा येतं कधीकधी.
थांब मिनिटभर.'

रीयूज-ॲड्रेसची ओळ घातली की थांबावं लागत नाही.
मला माहीत होतं. त्यांना तर असणारच.

एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
खुर्ची तीच आहे का, त्यांनी विचारलं, डावा हात मोडलेली.
हो म्हटलं. त्यावरच बसलेय.
'ही गेली,' ते म्हणाले. 'श्रावणात.
ऑफिसात कुणाला कळवलं नाही.'

मी अर्ध वाक्य जुळवत होते
तेवढ्यात पडद्यावर पहिली ओळ उतरली,
हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक चार, खाट अकरा.
पाठोपाठ दुसरी. मग भराभरा.

'आलं?'
'येतंय.'
'वाच की जरा.'

मग वाचत बसले, नावं वगळून, खाटा वगळून:
साखर एकशे अठरा. क्रिएटिनीन एक.
प्लेटलेट्स कमी, पण कालच्यापेक्षा बऱ्या.
पलीकडून प्रत्येकाला एक हुंकार येत होता.