हजेरी

आमच्या कंपनीची नोंदवही माझ्याकडे असते.
वेळ, पत्ता, किती लिटर पाणी, वाऱ्याचा वेग.
पुंता अरेनासमध्ये वारा आधी लिहावा लागतो,
आग नंतर.

इथे आग विझवायचा पगार कुणालाच नाही.
दिवसा कुणी भूगोल शिकवतं, कुणी खेकडे सोलतं.
भोंगा झाला की हातातलं टाकून निघायचं.
मी दातांच्या दवाखान्यात असते;
आ वासून बसलेली माणसं
दोनदा तरी तशीच सोडून धावले आहे.

जूनमधली ती नोंद अशी:
दोन चाळीस. पत्र्याचं घर. लाकडाची शेगडी.
नऊ हजार लिटर. मृत एक.

त्या 'एक'ला नायारेतने बाहेर आणलं होतं,
दोन्ही हातांवर, घाईने, जणू अजून उपयोग होता.

ती बेकरीत कामाला आहे.
तिसऱ्या पहाटे तिने भट्टीचं दार उघडलं
आणि पिठाच्या पोत्यांमागे जाऊन बसली.
एकही पाव करपला नव्हता.
तिला मात्र करपल्याचाच वास येत होता.

दर मंगळवारी पडद्यावर
सान्तियागोच्या डॉक्टरीणबाई तिच्याशी बोलतात.
बरं वाटतं, ती म्हणते.
पण मंगळवार आठवड्यातून एकदाच येतो
आणि रात्री सात.

मग एउलोखियो पहाटे चारला बेकरीत जाऊ लागला.
आता त्याला शिडीवर चढू देत नाहीत,
होजपाइप धुणं तेवढं त्याच्याकडे.
तिथे तो काही करत नसे.
उलट्या बादलीवर बसून कडू माते ओढायचा.
कसं वाटतंय, असं एकदाही विचारलं नाही.
ती भट्टीपाशी गेली की म्हणायचा,
"उघडतेस? मी इथंच आहे."

एके रात्री पाइप वाळत घालताना
तो आपणहून बोलला. मी तिथेच होते, हातात पेन.
"चौतीस वर्षं झाली. धुरात हाताला लागलं ते
कवटाळून बाहेर आणलं.
रस्त्यावर ठेवलं तर गुंडाळलेली गादी.
परत वळेपर्यंत छप्पर खाली आलं होतं."

पाइपातून पाणी ठिबकत राहिलं.

"मग?" नायारेतने विचारलं.
"मग काही नाही. गादीवर झोपलो नाही.
बायकोला सांगितलं, पाठ दुखते.
बिचारी अजून मलम आणते."

नायारेत हसली. मग तिला हसल्याची लाज वाटली.
मग तोही हसला,
आणि तसाच, हसता हसता,
पाइपाचं टोक धरून बराच वेळ उभा राहिला.
तिने दुसरं टोक सोडलं नाही.

घरी जाण्याआधी मी जुनी वही काढली.
वळणदार अक्षर, माझ्या आधीच्या सेक्रेटरीचं.
मृत एक.
गादीबद्दल काही नाही.
गादी कुठल्या रकान्यात लिहिणार?

ऑगस्टमध्ये भोंगा झाला, बंदराकडची आग.
नायारेत धावत आली, एक पाय बुटात घातला.
दुसरा बूट हातातच राहिला.
गाडी निघाली. ती तिथेच.
"मला नाही जमलं," ती म्हणाली,
मला नाही, बुटाला सांगत असल्यासारखी.

एउलोखियोने किटली पुढे केली.
"परत येतील तेव्हा बोटं गोठलेली असतील. भर ही.
आणि कप मोजून काढ, मला दिसत नाही नीट."
त्याला चांगलं दिसतं.

पहाटे सगळे परतले, भुवयांवर बर्फ,
आणि कुणी काही न बोलता तिच्या हातातून कप घेतले.
एकाने साखर मागितली. साखर संपली होती.
त्यावरून थोडं भांडणही झालं.

मी वही उघडली.
गाडीत जागा आठ.
हजेरीच्या रकान्यात मी दहा लिहिले.
कॅप्टनने बेरीज पाहिली, माझ्याकडे पाहिलं,
आणि सही केली.

वारा: ताशी ब्याण्णव.