बारावा डबा

अकरा आहेत.
बाराव्याची जागा कपाटाच्या तिसऱ्या फळीवर,
कूलरच्या झोतापासून हातभर लांब.
डबा मिठाईचा, पेढ्यांचा वास जाईतो धुतलेला,
झाकणाला तापल्या सुईनं भोकं पाडली रविवारी.
आता फक्त कोण यायचं, ते ठरायचंय.

पुण्याच्या पोरानं यादी पाठवली.
नाव, आकार, भाव.
चार रात्री ती यादी वाचतोय मी,
लोको शेडमध्ये डब्याच्या सुट्टीतसुद्धा.
प्रमिला शेंगा सोलता सोलता म्हणते,
"मला बघायला आला होतास,
तेव्हा वीस मिनिटांत होकार दिलास."

गोलियाथ नको.
ताटाएवढी होते म्हणतात,
पण तिला बारमाही ओल लागते, आणि भुसावळात
मे महिन्यात ओलं राहतं ते माठाचं बूड.
सत्तेचाळीस अंशांत मी तिला नदीकाठ कुठून देऊ?
तापीलाच तो परवडत नाही.

निळ्या पायांची चालेल. कोरड्या मुलखातली,
डबाभर रेशीम ताणून बसते
कोष्ट्याच्या सुनेसारखी.
पण जरा चिडली की मागच्या पायांनी
पोटावरचे केस उडवते हवेत,
आणि प्रमिलाचा दम्याचा पंप
आधीच टीव्हीवर ठेवलेला असतो.

मग मेक्सिकोची. गुडघ्यांवर केशरी,
पळसाच्या फुलाला काजळ लागावं तशी.
केस हिच्याकडेही आहेत,
पण उडवायचा कंटाळा.
हिचं माझं जमेल.

फक्त, मादी पंचवीस वर्षं जगते.

मी चोपन्नचा.
इथं माझी पेन्सिल थांबते.
वडील एकाहत्तराव्या वर्षी गेले,
काका त्याच्याही आधी, तंबाखूनं.
पोरगी सुरतेला. फोनवर म्हणाली,
"बाबा, शेत लिहा, घर लिहा,
कातीण कुणाच्या नावावर करू नका."
नर घ्यावा तर तो स्वस्त.
वयात आला की बायको शोधत डब्यातल्या डब्यात
रात्रभर चालतो,
आणि वर्षभरात त्याचे पाय पोटाखाली दुमडतात.
असे दोन पुरलेत मी कढीपत्त्याखाली.

सुभान तडवीनं एकदा पालच्या जंगलातून
जेवणाच्या डब्यात एक आणली होती, फुकट.
राखाडी, देखणी, मुठीएवढी.
मी मोटारसायकल काढली,
त्याला डब्यासकट मागं बसवलं,
आणि ज्या बिळातून ओढली
त्याच बिळाशी नेऊन सोडायला लावली.
सुभान आठ दिवस बोलला नाही.
जिला घर आहे तिला मी डबा देत नाही.
यादीतल्या सगळ्या डब्यातच जन्मलेल्या.

शेजारच्या फालक काकू दारातूनच विचारतात,
"काहाले पोसतं रे भाऊ? दूध देते का?"
नाही देत.
ओळखतही नाही मला.
रात्री दोन चाळीसची कोळशाची मालगाडी
क्वार्टरमागून जाते,
तेव्हा मला आवाज यायच्या आधी
अकराही जणी एकेक पाय अलगद उचलतात.
तेवढ्यासाठी जागा राहतो.

शेवटी यादीच्या तळाशी
बारीक अक्षरांत जे होतं, ते मागवलं.
मेक्सिकोचंच पिल्लू, ज्वारीच्या दाण्याएवढं.
नर की मादी, सांगता येत नाही,
म्हणून भाव कमी.
कळायला दोन-तीन वर्षं जातील,
चार-पाच काती टाकेल तोवर,
एखादीत भिंग धरून बघीन.

डब्यावर पट्टी चिकटवली,
तारीख घातली, नावाची जागा कोरी.
प्रमिलानं चष्मा लावून आत पाहिलं.
"दिसत तर काहीच नाही," म्हणाली,
आणि कूलरचं तोंड
थोडं आणखी पलीकडं वळवलं.