मागचं दार

कुरिहारा हान्नोसुके यांच्या घराला दोन दारं.
पुढच्या दाराशी मी कधी गेलो नाही.
मागच्या दाराशी, अंधार पडल्यावर,
कंदील विझवून उभं राहायचं
आणि हळूच म्हणायचं, "देवळातलं सामान आणलंय."

सामान म्हणजे बांबूच्या काड्या, कागदाचे ताव, खळीचं मडकं.
वर्षाला सात पोती तांदूळ, एवढा त्यांचा मान.
त्यातली तीन गढीवरच 'उसनी' राहिलेली,
उरलेल्या चारांत सहा तोंडं.
म्हणून रात्री सामुराई छत्र्या बांधायचे.

तलवार उजव्याच हातानं उपसायची असते.
लहानपणी त्यांचा डावा हात
वडिलांनी म्हणे पट्ट्यात बांधून ठेवला होता.
रात्री तो सुटायचा.
शेवटची गाठ डावीकडे वळलेली दिसली
की मी समजायचो, ही त्यांची.

पैसे मी पंख्यावर ठेवायचो.
बाई पंखा आत न्यायच्या, पडद्याआड मोजायच्या.
ते भिंतीकडे बघत बसायचे,
जणू तांब्याचा आवाज
त्यांच्या कानांना शिवतच नाही.

सकाळी ते किल्ल्याकडे निघत.
कमरेला दोन तलवारी, बाह्यांना धूप दिलेला,
तरी छत्रीच्या तेलाचा वास
धुपाखालून डोकं काढायचाच.
मी रस्त्याच्या कडेला, कपाळ चिखलात.
त्यांची पावलं माझ्या बोटांजवळून जात.
उजव्या चपलेचा बंद कागदाच्या पिळानं सांधलेला.
आमचाच कागद.
पावलं मला ओळखत नसत,
मीही पावलांना.

अकराव्या महिन्यात, पाणचट बर्फ पडत असताना,
थोरल्या कारभाऱ्यांची स्वारी पुलावर आली
आणि त्यांच्या छत्रीची काडी कडकन मोडली.
गारठलेला लगदा थेट मानेत.
छत्रीवर आमच्या पेढीचा शिक्का.
"कुणाच्या हातची?"
आमचे मालक ओणवे, थरथरत.
गाठ डावीकडे वळलेली.

हान्नोसुके तिसऱ्या रांगेत उभे होते,
भिंतीकडे बघावं तसे समोर बघत.
मग त्यांचा पाय हलला.
अर्धं पाऊल.
ते फक्त मी पाहिलं,
कारण माझी नजर तिथेच होती, पायांच्या उंचीवर.
ते पाऊल टेकायच्या आत मी म्हणालो,
"माझ्या हातची, मायबाप."

का म्हणालो, ते विचारू नका.
महिनाअखेर चाळीस छत्र्या द्यायच्या होत्या
आणि त्यांच्याइतकं सफाईनं कागद ताणणारं
गावात दुसरं कुणी नव्हतं.

तीस फटके.
बांबूही आमच्याच गोदामातला असावा,
चांगला पिकलेला होता.

माझ्या घराला एकच दार.
चौथ्या रात्री त्यावर नख वाजलं.
बाहेर ते, हातात विझवलेला कंदील.
"देवळातलं सामान," ते म्हणाले.

पालथं पडल्या पडल्याच मी कपाळ टेकवलं.
ते उंबऱ्यावर बसले, तलवार बाजूला ठेवली,
बाहीतून पुरचुंडी काढली
आणि नाणी चटईवर मांडू लागले.
स्वतः.
स्वतःच्या बोटांनी.
एकेक नाणं, मध्ये मोठा श्वास,
शाळेत उशिरा घातलेल्या पोरासारखं.
पंधरा, सोळा, सतरा,
एकोणीस.

माझी जीभ टाळूपर्यंत गेली, आणि परत आली.

"तीस," ते म्हणाले,
आणि बराच वेळ आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.
मग उठले. बर्फात पावलं उमटवत गेले,
पुढच्या रस्त्यानं नाही, गटाराकाठच्या बोळानं.

ते दिसेनासे झाल्यावर
मी कोपरावर रेटत फडताळापर्यंत गेलो,
माझ्या डब्यातलं एक नाणं काढलं
आणि त्यांत टाकलं.