जाण्याची वेळ

बामणोलीच्या धक्क्यापासून डावीकडे, असं सांगितलं होतं,
पाण्याला लागूनच आहे, चुकणार नाही.
चुकलेच. कारण मे महिना,
आणि यंदा पाणी निघून गेलेलं दोन फर्लांग खाली,
मागे चिखलाची खपली ठेवून.
स्मारक उभं उन्हात, म्हशींच्या वाटेवर:
छातीएवढा काळा दगड,
त्यावर सिमेंटात बसवलेला बोटीचा पंखा, तीन पात्यांचा.

पंख्याला कुणी शेंदूर फासलाय.
पायथ्याशी नारळाच्या शेंड्या, अर्धी उदबत्ती.
नवी बोट पाण्यात सोडताना
बोट क्लबवाले आधी इथं येतात म्हणे.
अक्षरांतला रंग उडालाय, बोटानं वाचावं लागतं:
गेनू रामा संकपाळ. पाण्यावरचा वीक्रम.
वी दीर्घ. ताशी एकशे एकतीस.
आणि खाली, बारीक अक्षरात,
कुणा प्रामाणिक माणसानं हट्टानं घालायला लावलेलं:
फक्त जाताना.

तो प्रामाणिक माणूस म्हणजे माझे वडील.
मेढ्याच्या हायस्कुलात पी.टी. शिकवायचे,
आसपास तेवढं एकच स्टॉपवॉच,
म्हणून कार्तिकातल्या एका सकाळी बोलावणं आलं.
(पुढं आई त्याच घड्याळावर अंडी उकडायची.)

नियम असा: एक किलोमीटर मोजायचा.
जायचं, वळायचं, त्याच वाटेनं यायचं,
दोन्ही वेळांची बेरीज, भागिले दोन.
वारा एका बाजूनं मदत करतो,
म्हणून नुसत्या जाण्याला कुणी विक्रम म्हणत नाही.

गेनू वीस वर्षं गोदीत फिटर.
भंगारातल्या ट्रकचं इंजिन, प्लायवूडची होडी, नाव टिटवी.
दोन पत्र्याची पिंपं, पिवळी रंगवून,
दोरीला धोंडा बांधून सोडलेली.
वडील म्हणाले, इथंच का? पलीकडं पाणी रुंद आहे, सरळ आहे.
तर म्हणाला, ह्या पिंपाखाली आमचं खळं, सर.
त्या पिंपाखाली शाळा.
रोज उशीर व्हायचा. गुरुजी अंगठे धरायला लावायचे.

साडेसत्तावीस सेकंद.
काठावरच्या पोरांनी टोप्या उडवल्या.
वळून येताना लाट आडवी आली,
त्याचीच, जाताना उठवलेली,
अजून बसली नव्हती.
टिटवी हवेत गेली.
माझा अंगठा बटणावरच होता, वडील सांगायचे,
आणि पुढचं सांगायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी गेनू जाळ्यात आला.
पंखा मात्र बारा वर्षांनी, असल्याच एका मे महिन्यात,
ढेब्यांच्या म्हशीच्या खुराला लागला.

आज दोन्ही जागा उघड्या आहेत.
खळं गोल, मधोमध तिवड्याचं भोक.
शाळेचं जोतं, त्यावर शेवाळ वाळून कागद झालेलं.
मी शाळेपाशी गेले, मोबाइल काढला,
आणि खळ्याकडं चालू लागले.
चप्पल रुतली, हातात घेतली.
शिंपले. एक बांध, आणखी एक बांध.
आंब्याचा बुंधा, कोळशासारखा, पण आंबाच.
एका म्हशीला वाट दिली,
ती काही सरकेना, मग वळसा घातला.

तिवड्याच्या भोकाशी थांबवलं:
एकवीस मिनिटं, चार सेकंद.
त्यात त्याचे साडेसत्तावीस मिळवले, भागिले दोन.
पावणेअकरा मिनिटं, वर किंचित.
म्हणजे ताशी साडेपाच.
शाळा सुटल्यावर भूक लागलेलं पोर
साधारण एवढ्याच वेगानं घरी येतं.

वडिलांनी हा आकडा वहीत घेतला असता का, कोण जाणे.
आधी विचारलं असतं, वारा कुठला होता?
पडला होता, म्हटलं असतं मी.
खरं तर समोरून होता.